सहावी ते आठवीच्या पोरांबद्दल सारखे सारखे येणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, सतरा वर्षं झाली, त्यातली बारा सहावी-सातवी-आठवीवरच गेली. आमचा भाग मराठवाड्यातला, ऊसतोडीचा. शिक्षण परिषदेच्या चहाच्या सुट्टीत, फोनवर, व्हॉट्सअपवर तेच तेच प्रश्न येतात, जास्त करून नवीन लागलेल्या सर-मॅडमचे, थोडे पालकांचे. दरवेळी तेच व्हॉइस मेसेज पाठवून कंटाळा आला म्हणून एका जागी टाईप करतोय. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवलेत, फक्त नावं-गावं काढली.

१. मिडल स्कूल म्हणजे नक्की कोणते वर्ग? आमच्याकडे तर पाचवीपण वरच्या वर्गात धरतात.

गोंधळ जुना आहे. आपल्या राज्यात पहिलीपासून चौथीपर्यंत एक शाळा, पाचवी ते सातवी दुसरी आणि आठवीपासून हायस्कूल असा हिशोब होता, अजूनही कितीतरी गावात तसाच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला (लागू झाला १ एप्रिल २०१० ला) त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. २०२० चं नवीन धोरणसुद्धा सहावी ते आठवीलाच मधला टप्पा म्हणतं. तर इथं मी जे लिहितोय ते अकरा ते चौदा वयाच्या पोरांबद्दल. कायद्यात या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन पाहिजे आणि ३५ पोरांमागं एक शिक्षक पाहिजे. तुमच्या शाळेत किती आहेत ते मला सांगू नका, मला माझेच माहितीयत.

२. पाचवीपर्यंत इतकं गोड असलेलं पोरगं सहावी-सातवीत एकदम उलटं का बोलायला लागतं? आमचं काही चुकलं का?

नाही हो. वयात येण्याचे बदल मुलींमध्ये आठ ते तेराच्या दरम्यान कधीही सुरू होतात, मुलांमध्ये नऊ ते चौदाच्या दरम्यान. म्हणजे सातवीच्या एकाच वर्गात एक पोरगी आईएवढी उंच आणि तिच्या शेजारी बसलेला पोरगा अजून दुधाचे दात न पडलेला वाटतो, आणि आपण दोघांना एकच भाषा बोलतो. या वयात दोस्त काय म्हणतील हे आई-बाप-गुरुजी काय म्हणतील यापेक्षा मोठं होतं. म्हणून घरी एकटं असताना सरळ बोलणारं पोरगं चार दोस्तांसमोर तोडून बोलतं. ते तुम्हाला बोलत नसतं, त्या चौघांना ऐकवत असतं. हे एवढं डोक्यात ठेवलं तर खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

(मुलीला आठच्या आधी किंवा मुलाला नऊच्या आधी बदल दिसले, किंवा पंधरा पूर्ण होऊनही मुलीला पाळी आलीच नाही, तर मात्र डॉक्टरला दाखवा.)

३. सगळ्या वर्गासमोर उलट उत्तर दिलं तर जागेवर काय करायचं? गप्प बसलो तर बाकीचे पण डोक्यावर बसतात.

एक खरं झालेलं सांगतो. सातवीचा वर्ग, गणिताचा तास. एकाची वही नाही. मी विचारलं वही कुठंय, म्हणला घरी. का, तर राहिली. मला चढला राग, मी म्हणलं मग तू शाळेत कशाला आलास? तो शांतपणे म्हणला, "खिचडी खायला."

वर्ग फुटला हसून. आता इथं दोनच गोष्टी होऊ शकतात, एकतर तो जिंकतो नाहीतर मी जिंकतो, आणि मी जिंकलो तरी पुढचे सहा महिने तो माझा राहत नाही. मी म्हणलं, बरं, खिचडीला अजून दीड तास आहे, तोवर हा कागद घे आणि उदाहरण सोडव. संपलं. दुपारी टाकीपाशी ताट धुताना एकट्याला गाठलं, उभा राहून नाही, मीपण माझा डबा धुवत होतो. विचारलं वहीचं काय झालं. आठ दिवस झाले होते वही संपून, दोन्ही बाजूनी लिहून, पुठ्ठ्यावरसुद्धा. घरी मागायची सोय नव्हती आणि वर्गात सांगायची लाज. खिचडीचं उत्तर त्यातल्या त्यात इज्जतीचं होतं.

तर जागेवर एक छोटं वाक्य, आवाज न चढवता, आणि तास पुढं. हिशोब नंतर, एकट्यात, शक्यतो दोघंही काहीतरी काम करत असताना. समोरासमोर खुर्चीत बसवून विचारलं की ही पोरं दगड होतात. आणि बाकीचे डोक्यावर बसत नाहीत, ते बघत असतात की सर नंतर त्याला सोडतात का. सोडायचं नाहीच, फक्त चारचौघात करायचं नाही.

४. मारायचं नाही, ओरडायचं नाही, मग धाक राहणार कसा?

मारायचं नाही हे माझं मत नाही, कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी. मानसिक त्रासात टोपणनावं, जातीवरून, बापाच्या दारूवरून, रंगावरून बोलणं सगळं येतं हे लक्षात घ्या. छडी सोडलेले पण जीभ न सोडलेले बरेच जण आहेत आपल्यात.

माझ्याकडं चालतं ते असं. नियम पाच, पोरांनीच जूनमध्ये ठरवलेले, भिंतीवर. चूक झाली की त्या चुकीशी जोडलेलं काम: बाक कोरला तर सुट्टीत पॉलिश पेपर घेऊन बस, लहान पोराला ढकललं तर आठवडाभर त्या वर्गाला रांगेत पाणी पाजायचं. शंभर उठाबशा आणि दोनशे वेळा "मी असे करणार नाही" लिहिणं यातून फक्त मांड्या आणि अक्षर खराब होतं. आणि ज्याचा सगळ्यात जास्त त्रास आहे त्याला खरी जबाबदारी द्या. खरी म्हणजे खरी, फळा पुसायची नाही. आमच्या पाण्याच्या मोटारीचं चालू-बंद गेल्या वर्षी सगळ्यात वांड पोराकडं होतं, टाकी एकदाही वाहिली नाही.

५. सातवीत आहे पण वाचताच येत नाही. आता काय पहिलीपासून सुरू करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे म्हणून सविस्तर.

आधी खात्री करा, कारण ही पोरं लपवण्यात पटाईत असतात. माझ्याकडं एक होता, पाठ वाच म्हणलं की धडाधड म्हणायचा. एकदा त्याची दोन पानं एकदम उलटली गेली तरी गडी मधलं पान म्हणून मोकळा. सगळं ऐकून पाठ! त्यामुळं पुस्तकाबाहेरचं काहीतरी द्या आणि एकट्याला वाचायला लावा. प्रथम संस्थेच्या असर नावाच्या वाचन चाचणीत आहे तसं अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट या चार पायऱ्या लावल्या की पाच मिनिटात कळतं गाडी कुठं अडलीय. बऱ्याचदा अक्षरं येत असतात, अडतं ते जोडाक्षराला, त्यातही र ला. सूर्य, क्रम, राष्ट्र, दऱ्या, चार ठिकाणी चार तऱ्हेचा र, आणि हे कुणी नीट बसून सांगितलेलंच नसतं. तिसरीत राहिलेलं ते सातवीपर्यंत राहतं.

मग शिकवायचं कशातून? इथंच माती होते. तेरा वर्षाच्या पोराला "कमल नमन कर" दिलं की तो मेला तरी वाचणार नाही, मिशी फुटायला लागलीय त्याला. मी वापरतो ते म्हणजे लाईटबिल, खताच्या गोणीवरचा मजकूर, एसटी स्टँडवरचा बोर्ड, जत्रेतल्या कुस्त्यांचं पोस्टर, पेपरातलं क्रिकेटचं पान. रोज परिपाठाच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं, तीन-चार जण, दार लोटून.

आणि सोपं पुस्तक हातात द्यायचंच असेल तर त्याला कारण द्या. आमच्याकडं ज्यांना वाचता येत नाही अशा वरच्या वर्गाच्या पोरांना पहिलीच्या पोरांना शनिवारी गोष्ट वाचून दाखवायची ड्युटी असते. त्यासाठी आदल्या दिवशी तयारी करावी लागते, मोठ्या अक्षराचं पुस्तक घरी न्यावं लागतं, आणि कुणी हसलं तर म्हणतो बारक्यांसाठी नेतोय. पहिलीची पोरं चुका काढत नाहीत, तोंड उघडं टाकून ऐकतात. दिवाळीपर्यंत फरक दिसतो, सगळ्यात नाही, पण दिसतो.

तीन-चार महिने रोज घेऊनही अक्षरं उलटीपालटी होत असतील, फळ्यावरचं उतरवताना दर ओळीत चुकत असेल पण तोंडी एकदम हुशार असेल, तर आळशी म्हणू नका, अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारात ती आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा, पुढं प्रमाणपत्र सरकारी हॉस्पिटलमधून होतं आणि दहावीला सवलती मिळतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या हो, निम्मे वेळा नंबर निघतो.

६. गणितात अपूर्णांक आले की सगळा वर्ग बसतो. छेद समान करायला किती वेळा सांगायचं?

सांगू नका. आधी बाजारात न्या, मनातल्या मनात. १/२ अधिक १/४ दिलं की अर्धा वर्ग २/६ लिहितो, वरचं वरच्यात खालचं खालच्यात. मी त्याला चूक म्हणत नाही, विचारतो अर्धी भाकरी खाल्ली, वरून चतकोर घेतली, किती झाली? सगळे ओरडतात पाऊण! मग म्हणतो २/६ म्हणजे सहा तुकड्यातले दोन, म्हणजे तिसरा हिस्सा, अर्ध्याहून कमी. अर्धी खाऊन वर चतकोर घेतल्यावर पोटातली कमी झाली का? तिथं वर्गात जी शांतता होते ना, तिच्यासाठी मी पगार नसता तरी शिकवलं असतं (हेडमास्तरांनी हे वाचू नये).

आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द तयार पडलेत, पोरं दुकानात रोज वापरतात आणि पुस्तकात आलं की घाबरतात. दीड किलोतनं पाऊण किलो गेलं की किती राहिलं हे तोंडी दहा दिवस करा आणि मगच छेद समान करण्याची रीत. सेमी इंग्लिशवाल्यांनी तर हे आधी मराठीत कराच, न्युमरेटर डिनॉमिनेटरच्या नादात पाव किलो विसरतात पोरं. वजाच्या संख्यांचं काय याबद्दल माझी एक मोठी चूक झालेली आहे, ती प्रश्न १७ मध्ये.

७. वर्गात मुलीला पाळी आली, शाळेत एकही मॅडम नाही, मी काय करू?

घाबरू नका आणि मुख्य म्हणजे तोंड पाडू नका, तुमचं तोंड बघून ती ठरवते की हे लाजिरवाणं आहे. जूनमध्येच तयारी पाहिजे. आमच्याकडं एका कपाटात पॅडची पाकिटं, एक-दोन गडद रंगाच्या सलवारी, जुने पेपर, आणि चावी आठवीच्या दोन मुलींकडं. कुणाला विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही, वहीत नोंद नाही. तासाला बाहेर जायचं असेल तर उठायचं आणि जायचं, हा नियम मुलामुलींना सगळ्यांना सारखाच, नाहीतर लगेच ओळखू येतं. कचऱ्याला झाकणाचा डबा संडासातच, बाहेर नाही. हे पैशाचं काम सरपंचांना सांगितलं की होतं, लाजून न सांगितल्यामुळंच राहतं.

पहिल्यांदाच आली असेल तर मुली रक्त बघून हादरतात, कुणाला वाटतं काहीतरी फाटलं आत. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना फोन करा, त्या दहा मिनिटात येतात, आणि आईला कळवा. एकटीला घरी पाठवू नका. आणि नंतर चार दिवस आली नाही तर "अशी सुट्टी घेऊ नको" असं वर्गात म्हणायचं नाही.

८. मुलींना ताई येऊन सांगतात, मुलांना कोण सांगणार?

तुम्ही. मुलांचं कुणीच बघत नाही आणि ती मोबाईलवरून शिकतात. आवाज फुटणं, पिंपल, झोपेत कपडे ओले होणं, हे सगळं नॉर्मल आहे एवढं एका पुरुष माणसानं सरळ तोंडानं सांगितलं तरी पुष्कळ. स्वप्नदोष हा शब्द वापरूच नका, दोष काहीच नाही त्यात. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, बऱ्याच मुलांना या वयात छातीला थोडी गाठ, सूज येते, दुखते. सहा महिन्यापासून दोन वर्षात आपोआप जाते. माझ्याकडचा एक चांगला कुस्ती खेळणारा गडी अचानक आखाड्यात जायचा बंद झाला होता, शर्ट काढायची लाज. सांगितल्यावर परत गेला. प्रश्न तोंडी येत नाहीत, चिठ्ठ्यांचा डबा ठेवा.

९. वहीत "आय लव्ह यू"ची चिठ्ठी सापडली. पालकांना बोलवू का?

आधी चिठ्ठी खिशात घाला. मोठ्यानं वाचून दाखवणारे शिक्षक मी बघितलेत आणि त्यानंतर शाळा सुटलेल्या मुलीपण बघितल्यात, आमच्याकडं शाळा सुटली की पुढं काय होतं ते प्रश्न १३ मध्ये आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी कुणी आवडणं हा गुन्हा नाही. दोघांशी वेगवेगळं, थोडक्यात बोला: असं वाटतं या वयात, शाळेत चिठ्ठ्या नकोत, आणि समोरच्याला नको असेल तर परत परत द्यायची नाही, तो त्रास आहे. मुलीला नको असताना कुणी मागं लागलं असेल तर मात्र ते प्रेमप्रकरण नाही, त्याचा बंदोबस्त करा आणि तिच्याच येण्या-जाण्यावर बंधनं घालू नका. देणारा शाळेबाहेरचा मोठा मुलगा किंवा माणूस असेल तर सरळ प्रश्न १४.

१०. वर्गात जोड्या लावून, आडनावावरून, जाडी-काळी म्हणून चिडवतात. "ती गंमत करतात" असं म्हणून सोडायचं का?

ज्याला चिडवलं तोही हसत असेल आणि उद्या तोही चिडवू शकत असेल तर गंमत. नेहमी एकच पोरगं आणि नेहमी तेच चौघं असतील तर नाही. चिडवणारा आणि चिडवून घेणारा यांना एकत्र उभं करून हात मिळवायला लावू नका, बाहेर गेल्यावर दुप्पट बसतं. चौघांना वेगवेगळं बोला. आणि जे नुसते बघून हसतात त्यांच्यावर काम करा, हसणारे गप्प झाले की चिडवणाऱ्याचा अर्धा जोर जातो. जातीवरून असेल तर हेडमास्तरांच्या कानावर घालाच, तो साधा चिडवण्याचा विषय नाही.

११. मोबाईल, रील, फ्री फायर. पालक म्हणतात "सर तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाही".

आमचंपण ऐकत नाही. पण झोपेचं सांगा, त्यावर ऐकतात. या वयात झोप येण्याची वेळच निसर्गानं पुढं सरकते, त्यात हातात मोबाईल, मग एक-दीड वाजतो आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत पोरगं मान टाकतं. मोबाईल रात्री आई-बापाच्या उशाशी चार्जिंगला, आणि आई-बापानं पण त्यावेळी रील बघायची नाही, एवढा एक नियम. काढून घेणं, फोडणं यानं काही होत नाही, मित्राचा मिळतो.

कुणाचा फोटो एडिट करून ग्रुपवर टाकला असेल तर तो फोटो तुम्ही पुढं पाठवू नका, पुरावा म्हणूनसुद्धा नाही. मुलीचा तसला फोटो असेल तर प्रश्न १४ प्रमाणं.

१२. सातवीतला पोरगा मावा खातो. पालकांना सांगितलं तर बाप हसला, तो स्वतः खातो.

गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि शाळेपासून १०० यार्डात तंबाखूचं काहीही विकायला बंदी आहे, २००३ चा कायदा. तरी टपरी कुठं असते आपल्याला माहितीय. टपरीवाल्याशी सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा वजनदार माणूस घेऊन बोला, एकटे जाऊ नका. पोराला कॅन्सरचे फोटो दाखवून उपयोग नाही, तेरा वर्षाच्या पोराला चाळीशी खरी वाटत नाही. तोंड किती उघडतं ते तीन बोटं उभी घालून दाखवायला लावा, दात, वास, धावताना दम, हे आजचं बोला. मुलींकडं मिसरी विचारा, ती कुणी विचारतच नाही.

१३. दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. पट थांबवायचा कसा?

हे बाहेरच्या वाचणाऱ्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून (मजूर नेणारा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, कारखाने सुरू झाले की पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, पट्टा पडला (हंगाम संपला) की मार्च-एप्रिलमध्ये परत. पोरं कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागी टाकलेल्या झोपडीत. पहिली-दुसरीची पोरं जातात सांभाळायला कुणी नाही म्हणून, सातवी-आठवीची जातात कारण ती आता कामाची झालीत: मोळ्या बांधायला, धाकटं सांभाळायला, भाकरी थापायला.

काय चालतं: गणपतीतच यादी करा, दिवाळीत करून उपयोग नाही, उचल तोवर उठलेली असते. आजी-आजोबा घरी असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत टाका, पोरगं गावातच राहतं आणि जेवणाची सोय होते. आईला भेटा, बापाला नंतर. जाणारंच असेल तर शिक्षण हमी पत्रक हातात द्या, ते दाखवून तिथल्या शाळेत बसता येतं, आणि टीसी नाही म्हणून कुठलीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. फोन नंबर दोन घ्या, एक मुकादमाचा. आठवड्यातून एक फोन, अभ्यासाचं न विचारता नुसतं काय चाललंय एवढं. परत आल्यावर "चार महिने कुठं होतास" असं स्वागत करू नका, त्याला माहितीय कुठं होता.

मुलींचं वेगळं आहे. कोपीवर वयात आलेली पोरगी ठेवायची भीती वाटते, गावात मागं ठेवायचीपण भीती वाटते, मग लग्न लावून दिलं की आईबाप मोकळे, शिवाय जोडी झाली की नवा कोयता. लग्न ठरलंय अशी कुणकुण वर्गातच लागते, मैत्रिणींना आधी कळतं. अठराच्या आत मुलीचं लग्न म्हणजे २००६ चा कायदा, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ वर (मुलांसाठीची मदतवाहिनी) फोन केला तर नाव सांगायची सक्ती नाही. मी दोनदा केलाय. एकदा थांबलं, एकदा दुसऱ्या गावात नेऊन लावलं. ज्या मुलीचं थांबलं तिची आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे हे सांगत राहा, हायस्कूल लांब आहे हेच कारण जास्त वेळा असतं.

१४. मुलीनं (किंवा मुलानं) काहीतरी सांगितलं आणि म्हणाली "सर कुणाला सांगू नका". वचन देऊ का?

देऊ नका. म्हणा, तुला मदत करायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन. मग ऐका, खोदून विचारू नका, "तू तिथं गेलीसच कशाला" हे तर मनातसुद्धा आणू नका. तिनं वापरलेले शब्द त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा.

पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा. अठराच्या खालच्या कुणावरही लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हाच गुन्हा. "आधी चौकशी करू, शाळेचं नाव जाईल" म्हणून मिटवणाऱ्यांनी हे वाचावं: संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. खरं-खोटं करणं आपलं काम नाही, पोलिसांचं आहे. मुलांनासुद्धा होतं, कायदा दोघांना सारखा. मुलीचं नाव बाहेर जाता कामा नये, स्टाफरूममध्येसुद्धा. आरोपी घरातलाच असेल तर घरी कळवण्याआधी १०९८.

१५. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत ना?

करत नव्हते. २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. पण शाळेतून काढता येत नाही. सहावी-सातवीला पहिल्यासारखंच आकारिक-संकलित (वर्षभर चालणारं आणि सत्राच्या शेवटचं मूल्यमापन), सहावीला निम्मं-निम्मं आणि सातवीला ४०-६०. म्हणजे जो सातवीत वाचत नाही त्याच्याकडं एकच वर्ष उरतं, परत प्रश्न ५ बघा.

१६. एनएमएमएसला कुणाला बसवायचं? हुशार दोघांनाच बसवू का?

ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. सगळ्यांना बसवा ज्यांना सातवीत ५५ टक्के आहेत (अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट) आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत. आठवीत परीक्षा, दोन पेपर, ९०-९० प्रश्न. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शाळा सरकारी, झेडपीची किंवा अनुदानित पाहिजे. बारा हजार म्हणजे आमच्याकडं बापाला "अजून चार वर्षं शिकू दे" म्हणायला कारण होतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवायला सांगा, त्यात पोरं हुकतात.

१७. आपल्याकडूनच चूक झाली, पोराला नको ते बोललो. माफी मागायची का? इज्जत जाते.

वजाच्या संख्या शिकवताना मला फार हुशारी सुचली होती. उचल पन्नास हजार, फिटली तीस हजार, तर किती? वजा वीस. पोरांच्या ओळखीचं उदाहरण, पटकन कळणारं, तीन वर्षं वापरलं. चौथ्या वर्षी मी विचारलं आणि मागून कुणीतरी एका पोराचं नाव घेऊन म्हणलं, "सर त्याला विचारा, त्यांची फिटलीच नाही." वर्ग हसला आणि मीपण, अर्ध्या सेकंदासाठी, हसलो. पोरानं पाटीवर मान घातली ती तास संपेपर्यंत काढली नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

घरी गेलो. तो शेरडं घेऊन माळावर होता. माळावर गेलो. म्हणलं माझं चुकलं, ते उदाहरण मी घ्यायला नको होतं आणि हसायला तर नकोच होतं. तो काही बोलला नाही, शेळीच्या कानातली गोचीड काढत बसला. मीपण बसलो. बऱ्याच वेळानं म्हणला, "सर, वजा पंचेचाळीस आहे आमचं."

सोमवारी आला. आता मी ते गणित विहिरीच्या पाण्याच्या पातळीवर घेतो, काठाला शून्य आणि खाली वजा.